दसऱ्याला होडी पाण्यात सोडायची तर

खंडेनवमीला रंधा-पटाशी पूजेला बसायच्या आत घरी बांधत असलेल्या प्लायवुडच्या होडीचं काम उरकायला हवं. तळ बसला, बाजू चढल्या, की घरचे विचारतात, आता काय राहिलंय? बरंच राहिलंय, फक्त ते दिसत नाही.

आधी प्लायच्या कडा. पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला मरीन प्लायसुद्धा उघड्या कडेनं पाणी पितोच. म्हणून प्रत्येक कडेला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन, पाजायची, पिईल तेवढी. वल्हं अडकवायच्या कड्यांच्या स्क्रूंसाठी भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीनं भरावीत आणि कडक झाल्यावर त्यातच मापाचं भोक पाडावं, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवत नाही. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस.

मग गळती. होडी ठोकळ्यांवर ठेवून आत दोन-चार बादल्या पाणी ओता, एकेका अंगाला कलवा आणि खालून सांध्यांना जुनं वर्तमानपत्र लावत जा. कागद भिजला तिथं खूण. काठोकाठ भरू नका, तेवढं वजन ठोकळ्यांवरचा तळ पेलणार नाही.

रंग त्यानंतर. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्यानं धुवा, मगच पॉलिशपेपर मारा, नाहीतर रंगाचे पापुद्रे सुटतील. घासताना मास्क हवाच. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, त्यामुळे रंग टाळता येत नाही. गडद निळा झोकदार दिसतो, पण तापतो आणि खालची इपॉक्सी मऊ पडते. पांढरा घ्या.

बाकांखालच्या जागेत झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन बांधा. वीस लिटरचा कॅन बुडाला की साधारण तेवढेच किलो वर उचलतो. पुरात काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत) बसून पलीकडं गेलेली माणसं याला हसतील. हसू देत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसं वाचवताना बोट उलटली, त्यानंतर आपल्या भागात तरी वजनाचा अंदाज नजरेनं घेऊ नये. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून होडी शेततळ्यात तरंगवा, पाणी कुठवर येतं तिथं रेघ मारा, किती माणसं ते आतल्या बाजूला रंगवून टाका. शेततळंच का, तर कृष्णेत मगरी आहेत. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागदही भयंकर निसरडा असतो, तेव्हा काठाच्या खुंटीला बांधलेला दोर आधी पाण्यात सोडून ठेवा.

कोयना धरणातून नदीत विसर्ग चालू असेल किंवा पाणी गढूळ असेल, तर मुहूर्त गेला तरी चालेल. पहिली फेरी प्रवाहाच्या उलट, म्हणजे दमल्यावर परत येणं सोपं. बंधाऱ्यापासून लांब. लाइफजॅकेट अंगात, जादा वल्हं आणि पाणी उपसायला डबा होडीत. नारळ, हळदकुंकू घरचे आणतीलच; तळाचं बूच बसवलंय का, ते मात्र नारळ फोडायच्या आधी तुम्हीच वाकून बघा.