पोरांना आधी पडलेला दिवस सांगा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातल्या एका शाळेत मी १९ वर्षांपासून आठवी ते दहावीला शिकवते. सुरुवातीची कितीतरी वर्षं थोरामोठ्यांच्या गोष्टी मी शेवटाकडून सांगायची. कोणतं पद मिळालं, कोणता पुरस्कार मिळाला. पोरं टाळ्या वाजवायची आणि घरी जायची. मग एका उन्हाळ्यात माझ्या वर्गातला एक पोरगा दहावीला गणितात नापास झाला.

निकालाच्या चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तो ढेपेच्या पोत्याला टेकून मोबाइल पाहत होता. मोठ्या भावाचे भरतीचे बूट कुडाच्या खुंटीला टांगलेले. तो भाऊ पोलिस भरतीच्या १६०० मीटरमध्ये दोनदा मागे पडला होता. आई म्हणाली, "मॅडम, ह्याच्या पोटात दोन दिसांपासून धड घास नाही." मोबाइलवर उमेश यादवची बोलिंग चालू होती. मी विचारलं, "हा पोलिस भरतीत झाला नव्हता, माहीत आहे?"

त्यानं मान वर केली. "खरंच काय मॅडम?"

तिथून मी जे शिकले ते सांगते.

पोरानं ज्याला मनात धरलंय, त्याच्यापासूनच सुरुवात करा. तुमच्या आवडीचा माणूस त्याच्यावर लादू नका. गोलंदाज असो, गायक असो, त्याच्या आयुष्यात एक अडलेली जागा असतेच, ती शोधून ठेवा. उमेश नागपूर जिल्ह्यातल्या वलनीच्या खाण कामगारांच्या वसाहतीत वाढला. वडील कोळसा खाणीत. सैन्यात जाऊन पाहिलं, पोलिसांत जाऊन पाहिलं, जमलं नाही. तोवर टेनिस बॉलवरच खेळलेला. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. विदर्भाकडून कसोटी संघात जाणारा तो पहिला.

ही गोष्ट सांगताना घाई करू नका. भरतीत नाव न लागलेल्या दिवसापाशी थांबा. पोराला विचारा, "त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यानं काय सांगितलं असेल?" उत्तर येईपर्यंत गप्प बसा. माझा पोरगा बऱ्याच वेळानं म्हणाला, "काहीच नसन सांगतलं. जेवला बी नसन." तेव्हा मला त्याच्या पोटातलं कळलं.

मदतीचा हातही गाळू नका. विदर्भाचा त्या वेळचा कर्णधार प्रीतम गंधे यानं ह्या कच्च्या पण वेगवान पोराला ओळखलं, पाठीशी उभा राहिला. हे सांगितलं नाही तर पोरांना वाटतं, एकट्यानंच सगळं ओढायचं असतं. मग ती मागतच नाहीत. गणित अडलं तरी विचारत नाहीत.

मुलींना सिंधुताई सपकाळ सांगताना तर मी फारच जपते. वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघेची, चौथीपर्यंत शिकलेली, लहानपणीच लग्न झालेली, दिवस भरत आलेले असताना घराबाहेर काढलेली आणि गोठ्यात बाळंत झालेली बाई. २०२१ मध्ये पद्मश्री. एवढंच सांगितलं तर आमच्या मुली त्यातून 'सोसावं' एवढंच उचलतात, आणि सोसायला त्यांना घरोघरी शिकवलेलंच असतं. म्हणून मी आधी शेणाची गोष्ट सांगते. बाया गावभर शेण गोळा करायच्या आणि मोबदला त्यांच्या हाती पडत नव्हता, तेव्हा ही तरुण बाई त्याविरुद्ध बोलली. मागण्याची ही हिंमत मुलींच्या कानावर पडली पाहिजे.

"तो पाय, अन् तू पाय", म्हणजे त्याला पाहा अन् स्वतःला पाहा, हे वाक्य घरातून कायमचं काढा. माझ्या पाहण्यात आदर्शाचं ओझं होतं ते ह्याच एका वाक्यानं.

गोष्ट झाली की दुसऱ्याच दिवशी काहीतरी हाताशी द्या, आणि ते लहान असू द्या. त्या पोराला मी रोज पाच गणितं दिली, जुलैच्या पुरवणी परीक्षेपर्यंत. चुलीजवळच्या कॅलेंडरवर निळ्या पेननं टिक करायची. पेरणीच्या आठवड्यात चार दिवस खाडा पडला. आई रागावणार होती, मी थांबवलं. खाड्यावर बोलायचं नाही, पाचव्या दिवशी फक्त वही उघडून समोर ठेवायची. त्यानं सोडवलं. खाडा पडल्यावर परत बसता येतं हे त्याला कॅलेंडरवर दिसलं. माझ्या दहा भाषणांनी ते झालं नसतं.

पोरगं आठ-पंधरा दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, "मी नसतो तर बरं" असं काही बोलत असेल, तर गोष्टी बाजूला ठेवा. आपल्या जिल्ह्यानं किती घरं उजाड होताना पाहिली आहेत. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, किंवा टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ ह्या फुकट नंबरवर बोला. पोराला एकटं ठेवू नका.

आणि जवळचं एखादं माणूस वर्गात आणाच. मोठं नाव लागत नाही. मी एकदा बसच्या कंडक्टर ताईंना बोलावलं. भाषण करू नका, फक्त नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस सांगा, एवढंच म्हटलं. त्यांनी पहिल्या आठवड्यातला दिवस सांगितला. तिकिटाच्या हिशोबात १४० रुपये कमी आले, ते स्वतःच्या पर्समधून भरले, आणि रात्री डेपोच्या नळाखाली तोंड धुता धुता रडल्या.

वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची एक पोरगी, वर्षभरात स्वतःहून एकदाही न बोललेली, उभी राहिली. "मग दुसऱ्या दिवशी कशा गेल्या तुम्ही, ताई?"

ताई म्हणाल्या, "साडेपाचची गाडी होती माझ्याकडं. पाच वाजता वेणी घातली अन् निघाले."