पापडावरची धूळ आणि सायक्लोनचं भोक

लातूरची आमची डाळमिल. फेब्रुवारीत तुरीची आवक जोरात, आणि मागच्या गल्लीतल्या काकू पापडांचं ताटच घेऊन दारात. पापडांवर पिवळट भुसा. "भाऊ, आता हे तुमीच खावा!"

मिस्त्री म्हणाला, पंखा मोठा बसवू. म्हटलं, म्हणजे धूळ आणखी लांबच्या गच्चीवर.

आमचा सायक्लोन म्हणजे हवा गरगर फिरवून तिच्यातली धूळ खाली पाडणारं मोठं नरसाळं. त्याच्या तळाशी, रोटरी व्हॉल्व्हच्या (धूळ खाली सोडणारी, पण हवा अडवणारी फिरती झडप) फटीपाशी सुताचा दोरा धरला. (उदबत्ती नको बरं, डाळीची धूळ भडकते.) दोरा सपकन आत! आमचा पंखा सायक्लोननंतर बसवलेला आहे, त्यामुळे आतून ओढ असते. खालून थोडी हवा शिरली तरी खाली बसलेली धूळ मधल्या भोवऱ्यात सापडून परत वर जाते, थेट बाहेर.

मिल बंद करून व्हॉल्व्ह खोलला. पात्यांचं रबर एका बाजूनं पार झिजलेलं. नवं रबर, फ्लँजला (जोडाच्या कडेला) नवं पॅकिंग, आणि भरून वाहणारा धुळीचा हॉपर (खालचा डबा) आता रोज रिकामा. खर्च किरकोळ.

दोरा आता हलत नाही. १० मायक्रॉनखालची बारीक धूळ मात्र सायक्लोन नीट पकडत नाही, त्यासाठी पुढच्या हंगामाआधी बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांची गाळणी) लावणार. ते पापड मीच विकत घेतले.