अणूतले प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन कसे काढायचे, आणि ब्रोमीनचे न्यूट्रॉन ४५ का येत नाहीत

आठवी-नववीत हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि मग बारावी, सीईटीपर्यंत पाठ सोडत नाही, अमुक अणूत प्रोटॉन किती, न्यूट्रॉन किती, इलेक्ट्रॉन किती. सगळी बेरीज-वजाबाकीच आहे, तरी हुशार मुलांचेही मार्क जातात, कारण चूक वजाबाकीत होत नाही, कुठला आकडा कुठून उचलायचा तिथे होते. म्हणून मी इथे सूत्रावर कमी आणि त्या आकड्यांवर जास्त बोलणारे.

सुरुवात कायम प्रोटॉनपासून करायची. मूलद्रव्याचं नाव कळलं की प्रोटॉन कळले, कारण अणुअंक म्हणजेच प्रोटॉनची संख्या. सोडियम ११, लोखंड २६, सोनं ७९. न्यूट्रॉन कमीजास्त होऊ देत, इलेक्ट्रॉन येऊ देत जाऊ देत, जोवर केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत तोवर तो सोडियमच, आणि १२ झाले की तो मॅग्नेशियम, मग बाकी काहीही असो.

हे आज आपण सहज बोलून जातो पण १९१३ पर्यंत हे कुणी प्रयोगाने दाखवलेलं नव्हतं. आधी आवर्तसारणी मुख्यतः अणुवस्तुमानावरून लावायचे, आणि काही ठिकाणी ते जमायचंच नाही. टेल्युरियम १२७.६०, आयोडीन १२६.९०, म्हणजे वजनाने बघितलं तर आयोडीन आधी यायला हवं, पण गुणधर्म बघितले तर ते क्लोरीन-ब्रोमीनच्या खालीच बसतं. कोबाल्ट-निकेलचंही तेच, कोबाल्ट ५८.९३ आणि निकेल ५८.६९. हेन्री मोझली नावाच्या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने एकेका मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण मोजले, आणि त्या किरणांच्या वारंवारितेचं वर्गमूळ काढलं तर ते एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे सारख्या पायरीने वाढत जातं हे त्याला दिसलं. त्या हिशोबाने कोबाल्ट २७ आणि निकेल २८, वजन काहीही म्हणो. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला तो मारला गेला, वय २७. अणुअंकाला आपण आज ओळखपत्रासारखं वापरतो ते त्याच्या कामामुळे, म्हणून हे नाव मुलांना सांगावंसं मला खूप वाटतं.

आता न्यूट्रॉन. अणुवस्तुमानांक, म्हणजे मास नंबर, ही प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज, त्यातून अणुअंक वजा केला की उरले ते न्यूट्रॉन. सोडियम-२३ मध्ये २३ − ११ = १२. चिन्हाच्या डावीकडे दोन आकडे लिहिलेले असतात, वरचा मास नंबर, खालचा अणुअंक, पण भिंतीवरच्या तक्त्यात बऱ्याचदा उलटं असतं, अणुअंक वर आणि वस्तुमान खाली, आणि मुलं नेमकी इथेच घोळ घालतात. जागा लक्षात ठेवूच नका. मोठा आकडा मास नंबरचा, छोटा अणुअंकाचा, एवढं पुरे (साध्या हायड्रोजनला दोन्ही १, म्हणून त्याच्यात न्यूट्रॉन शून्य).

आता खरी मेख. तक्त्यात जो दशांशातला आकडा असतो तो मास नंबर नाही. न्यूट्रॉन काय अर्धे-पाव नसतात, मग ३५.४५ येईल कुठून? निसर्गात त्या मूलद्रव्याचे जे समस्थानिक म्हणजे आयसोटोप (प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू) सापडतात त्यांची ती प्रमाणानुसार काढलेली सरासरी असते. क्लोरीनमध्ये साधारण तीन भाग क्लोरीन-३५ आणि एक भाग क्लोरीन-३७, म्हणून सरासरी ३५.४५. बरेच जण सांगतात की पूर्णांक करा आणि वजा करा. सोडियमला चालतं, २२.९९ चे २३, अ‍ॅल्युमिनियमला चालतं, २६.९८ चे २७, फॉस्फरसला चालतं, कारण या तिघांचा निसर्गात एकेकच स्थिर समस्थानिक आहे. पण ब्रोमीन घ्या. ७९.९०, पूर्णांक केला तर ८०, त्यातून ३५ गेले, न्यूट्रॉन ४५. दिसायला एकदम बरोबर आणि तरीही निसर्गातल्या ब्रोमीनचं हे उत्तर नाही, कारण त्यात ब्रोमीन-७९ आणि ब्रोमीन-८१ जवळपास निम्मे निम्मे असतात, न्यूट्रॉन ४४ किंवा ४६. ४५ वाला ब्रोमीन-८० किरणोत्सारी आहे, तो टिकतच नाही. तांब्याचं ६३.५५ तसंच, खरे आहेत ६३ आणि ६५, मधला ६४ नाही. चांदी १०७.८७, खरे १०७ आणि १०९. म्हणून प्रश्नात समस्थानिक दिलाय का ते आधी बघायचं, दिला असेल तर तोच आकडा घ्यायचा आणि तक्त्यातल्या दशांशाकडे बघायचंच नाही.

हा फरक पुस्तकापुरता नाही हां. युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८, दोघांत प्रोटॉन ९२, न्यूट्रॉन १४३ आणि १४६, फक्त तीनचा फरक, पण अणुभट्टीतली साखळी अभिक्रिया मुख्यतः २३५ वर चालते आणि तो नैसर्गिक युरेनियमात जेमतेम ०.७ टक्के असतो. आपल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या जुन्या दोन युनिटना त्याचं प्रमाण वाढवलेलं युरेनियम लागतं, तिसरं-चौथं युनिट नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर (साध्या हायड्रोजनऐवजी हायड्रोजन-२ असलेलं पाणी) चालतात.

इलेक्ट्रॉन सोपे आहेत, फक्त चिन्ह सांभाळा. अणू उदासीन असेल तर प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन. आयन म्हणजे प्रभार असलेला अणू असेल तर धन प्रभार म्हणजे इलेक्ट्रॉन गेलेत, तेवढे वजा करायचे, ऋण प्रभार म्हणजे आलेत, तेवढे मिळवायचे. प्लस दिसलं की हात आपोआप बेरीज करायला जातो, तो आवरायचा. सोडियम आयनवर प्रभार +१, इलेक्ट्रॉन १०. लोखंडाचा +३ वाला, २६ − ३ = २३. ऑक्साइड −२ वाला, ८ + २ = १०. प्रोटॉनला मात्र प्रभारामुळे कधीही हात लावायचा नाही.

बऱ्याच अणूंचा आयन असला तरी रीत तीच, सगळ्यांचे प्रोटॉन मिळवा आणि प्रभार शेवटी एकदाच बघा. नायट्रेटमध्ये नायट्रोजनचे ७, तीन ऑक्सिजनचे २४, झाले ३१, वर प्रभार −१, म्हणून इलेक्ट्रॉन ३२. अमोनियममध्ये ७ + ४ = ११, प्रभार +१, म्हणून १०.

उत्तर आलं की न्यूट्रॉन आणि प्रोटॉन शेजारी ठेवून बघा. हलक्या अणूंत दोन्ही साधारण सारखे असतात, जड होत जाईल तसे न्यूट्रॉन वाढत जातात, शिसं-२०८ मध्ये प्रोटॉन ८२ आणि न्यूट्रॉन १२६, म्हणजे दीडपट. स्थिर अणूंत न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा कमी असलेले दोनच आहेत, हायड्रोजन-१ आणि हेलियम-३. तेव्हा तिसऱ्याच कुणाचे न्यूट्रॉन कमी आले तर बहुतेक आकडे अदलाबदल झालेत, परत बघा.

उलटा प्रश्नही येतो, प्रोटॉन १६, न्यूट्रॉन १६, इलेक्ट्रॉन १८ तर हा कोण. १६ प्रोटॉन म्हणजे गंधक, बेरीज ३२ म्हणजे गंधक-३२, दोन इलेक्ट्रॉन जास्त म्हणजे प्रभार −२, झाला सल्फाइड आयन.

करून बघायला तीन देते. कॅन्सरच्या उपचारात वापरतात तो कोबाल्ट-६०, थायरॉइडसाठीचा आयोडीन-१३१ (आयोडाइड आयन म्हणून, प्रभार −१), आणि जड पाण्याचा एक रेणू, ज्यात दोन्ही हायड्रोजन ड्युटेरियम म्हणजे हायड्रोजन-२ आहेत आणि ऑक्सिजन-१६ आहे. उत्तरं प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन या क्रमाने: कोबाल्ट २७, ३३, २७. आयोडाइड ५३, ७८, ५४. जड पाणी १०, १०, १०.