रेकॉर्डरला हात दिसत नाहीत

मी मौखिक इतिहासाचं काम करते, म्हणजे लोकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करते. टेक्सासमधल्या एल पासोत पहिली मुलाखत घ्यायला गेले तेव्हा माझ्या वहीत 42 प्रश्न होते. समोर पंच्याऐंशी ओलांडलेले आजोबा, एकेकाळचे ब्रासेरो. स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे बाहू. 1942 ते 1964 या काळात करारावर मेक्सिकोहून अमेरिकेच्या शेतांत राबायला आलेल्या मजुरांना हे नाव पडलं. करार 45 लाखांच्या वर झाले; एकच माणूस पुन्हा पुन्हा यायचा.

मी विचारलं, "काम कसं होतं?" "कष्टाचं," ते म्हणाले आणि गप्प बसले.

वही मिटली आणि सहज विचारलं, तेव्हा हातात अवजार कुठलं असायचं? आजोबा उठलेच. एल कोर्तितो, म्हणजे आखूड दांड्याची कुदळ, कशी धरायची ते कमरेत पार दुमडून दाखवू लागले. आपल्याकडे खुरपणारी बाई निदान बसते तरी. इथे दिवसभर वाकूनच. या कुदळीवर कॅलिफोर्नियात 1975 साली बंदी आली. मी भारावून बघत राहिले. रात्री ऐकलं तर टेपवर काय? खुर्ची सरकली, धाप लागली, बस.

तेव्हापासून मुलाखतीत मोठ्याने बोलते: "तुमची मूठ आता गुडघ्याच्याही खाली गेली, बरोबर?" माणूस "हो" म्हणतो, वर चार गोष्टी सांगतो.

जाण्याआधी कान तयार करा. टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो शाखेत मौखिक इतिहासाचं केंद्र 1972 पासून आहे. ऑस्टिन शाखेतला व्होसेस हा मुलाखतींचा प्रकल्प मॅगी रिव्हास-रॉड्रिगेझ यांनी 1999 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, पिढीसाठी सुरू केला. अशा जुन्या मुलाखती थोड्या ऐकल्यात तरी एल पासोजवळच्या रिओ व्हिस्टा या ब्रासेरोंच्या भरती केंद्रात मजुरांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारायचे, सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून 10 टक्के बचत म्हणून कापायचे आणि ती अनेकांना मिळालीच नाही, हे कळतं. मग त्याबद्दल विचारताना शब्द जपून येतो.

स्पॅनिश मोडकी चालेल, पण वडीलधाऱ्यांना 'तू' नको, 'उस्तेद' म्हणा. अहो-जाहो करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

मुलाखत कागदावर उतरवताना मात्र मी शहाणपणा केला. आजोबा ट्रकला 'त्रोका' म्हणत, जेवणाच्या डब्याला 'लोंचे'. मी तिथे शुद्ध स्पॅनिश शब्द घातले. नातीने मसुदा वाचला आणि म्हणाली, "हे कोण बोलतंय?" वऱ्हाडी आजीच्या तोंडी पुणेरी घातल्यासारखंच झालं होतं. सगळं पुन्हा टंकलं. तासाभराच्या ध्वनिफितीला माझे सहा तास सहज जातात. प्रकल्पाला वेळ मागताना हे धरूनच मागा.

संमतीपत्राची घाई नको. मौखिक इतिहासाला 2019 पासून अमेरिकी केंद्र सरकारच्या, माणसांवरच्या संशोधनासाठीच्या नियमांतून सूट आहे, म्हणून काहीजण कागद उरकून टाकतात. मी पत्र वाचून दाखवते आणि कुठला भाग बंद ठेवायचा ते विचारते. कुणाच्या अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांचा उल्लेख आला असेल, तर ते घरच्यांच्या अंगाशी येऊ शकतं. रेकॉर्डिंग वाव्ह (WAV) या ध्वनिफाइलच्या स्वरूपात, प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

दुसऱ्या भेटीला व्हिडिओ कॅमेरा नेला आणि कुदळीचं पुन्हा दाखवाल का म्हणून विचारलं. आजोबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी कंबर बरी होती."