ताब्यासोबत भेटीच्या अटीही लिहून घ्या
मारहाणीचं घर सोडून माहेरी आलं की पहिली धमकी येते ती मुलाचीच. मलाही नवऱ्यानं 'पोरीचं तोंड बघू देणार नाही' असं ऐकवलं होतं. घाबरू नका. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं. पुढेही कोर्ट मुलाचं हितच बघतं.

आधी संरक्षण अधिकाऱ्यांना, म्हणजे अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांना गाठा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. त्यात संरक्षणाबरोबरच कलम 21 खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागा. पोटगीच्या गडबडीत हे राहून जातं. वकिलाला पैसे नसतील तर मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही.

आता बापाच्या मुलाशी भेटी. मुलाला धोका असेल तर दंडाधिकारी भेट नाकारू शकतात, म्हणून धोका नेमका सांगा: दारू पिऊन गाडीवर बसवलं, पोरीसमोर गळा दाबला, तारखेसकट. भेट मंजूर होणारच असेल तर 'रविवारी भेट' एवढ्यावर सही करू नका. किती ते किती, कुठं, सोबत कोण, हे आदेशातच येऊ द्या. मुक्काम नको, गावाबाहेर नेणं नको. आमच्या आदेशात कोर्टातली मुलांची खोली होती. लेकीला माझा भाऊ न्यायचा आणि मी समोर जायचेच नाही. शाळेत आदेशाची प्रत मुख्याध्यापकांच्या हातात द्या, वॉचमनलाही सांगा.

एक वही ठेवा. उशिरा आला, आलाच नाही, पोर रडत परतली, सगळं त्याच दिवशी लिहा. रागाचे मेसेज पाठवू नका, ते कोर्टात वाचले जातात. 'पप्पा काय म्हणाले गं?' असं खोदून विचारू नका. न्यायाधीश मुलाशी स्वतः बोलतात, पढवलेलं मूल त्यांना कळतं. आणि पोरीला ताप असला तरी भेट परस्पर बुडवू नका. आदल्या दिवशी कळवा, डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या क्षणी 112 लावा. भेटीत पुन्हा त्रास सुरू झाला, तर वही घेऊन वकिलाकडे जा. परिस्थिती बदलली की त्याच कायद्याच्या कलम 25 खाली आदेशही बदलून मागता येतो.