वॉटरपोलोचा गोली ते कोच: नव्यांसाठी थोडं अनुभवाचं

गोली, म्हणजे गोलरक्षक, व्हायला सहसा कोणी हौसेने पुढे येत नाही. संघातलं उंच, लांब हातांचं पोर कोच हेरतात आणि लाल टोपी घालून तीन मीटर रुंद गोलपुढे नेऊन ठेवतात. माझंही तसंच झालं. पुण्यात टिळक टँकवर किंवा बालेवाडीला लॅप मारून पुढे या खेळाकडे वळणारी मुलं मला हमखास विचारतात, ‘‘हात चपळ कसे करायचे?’’

हातांचं नंतर बघू, आधी पाय. वरचा बार पाण्यापासून ९० सेंटीमीटरवर असतो. कोपऱ्यातला उंच शॉट अडवायचा तर कमरेपर्यंत पाण्याबाहेर यावं लागतं, आणि ती उसळी एगबीटर नावाच्या पायांच्या हालचालीतून येते. खुर्चीत बसल्यासारखे गुडघे बाहेर फाकवायचे, पोटऱ्या आळीपाळीने आतल्या बाजूला गोल फिरवायच्या, अंग किंचित पुढे झुकलेलं, तळवे पाण्याच्या पृष्ठभागालगत. हे जमलं की पाच लिटरचा भरलेला कॅन डोक्यावर धरून तेच करा. पहिल्या दिवशी मांड्या भरून येतील, येऊ द्या.

दुसरं, तोंड उघडा. अख्खा खेळ समोरून दिसतो तो फक्त गोलीला. आपला एक खेळाडू फाऊलमुळे बाहेर काढला गेला की पाच जणांनी सहा जणांना रोखायचं असतं. तेव्हा ‘‘सेंटरवर पड’’ (म्हणजे गोलसमोरच्या आक्रमकाकडे मागे ये), ‘‘चार नंबर डावखुरा आहे, हात वर’’ हे सांगणारा गोलीच. ही कोचिंगचीच तालीम, फरक इतकाच की इथे पगार नाही.

पगाराचं म्हणाल तर, दिल्लीच्या १९५१च्या आशियाई स्पर्धेत वॉटरपोलोचं सुवर्ण आपलं होतं हे पालकांना कौतुकाने सांगावं, तर ते पुढचा प्रश्न नोकरीचाच विचारतात. बरोबरच आहे. रेल्वे, सेनादल, पोलिस यांचे संघ आहेत. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रांची पडताळणी होते, तेव्हा प्रत्येक कागद जपा. कोच व्हायचं तर एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा किंवा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स बघा. पण नुसत्या वॉटरपोलोवर घर चालेल या भ्रमात राहू नका. एप्रिल-मेच्या पोहायच्या शिकाऊ बॅचेसच हाताशी चार पैसे आणतात. त्यात कमीपणा मानणाऱ्यांनी या वाटेला न आलेलं बरं.

गोली कोच झाला की सराव आपसूक बचावाकडे झुकतो. म्हणून आक्रमणाचे निदान दोन दिवस एखाद्या जुन्या सेंटर फॉरवर्डकडे सोपवा आणि आपण काठावर गप्प बसा. (हे सगळ्यात अवघड.)

नव्या गोलीवर मात्र सुरुवातीला जवळून जोरात शॉट मारू देऊ नका. चेंडू ४०० ग्रॅमच्या वर असतो. एकदा तोंडावर बसला की पोर डोळे मिटून मान फिरवायला लागतं, आणि ती सवय मोडायला अख्खा सीझन जातो.