पेंटमध्ये आपोआप चकली

ठाण्यात पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी भाचीला रांगोळीचा नमुना हवा होता. माऊसने हाताने काढला तर तुटकी चकली! शेवटी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पायऑटोगुईला (माऊस आपोआप हलवणाऱ्या लायब्ररीला) जुंपलं.

चकलीचे वेढे सारख्या अंतरावर असतात. आर्किमिडीजचा सर्पिल तसाच. त्रिज्या = ख × कोन (रेडियनमध्ये); ख हा वेढ्यांतलं अंतर ठरवणारा स्थिर आकडा. वेढ्यांत ३० पिक्सेल हवेत तर ख साधारण ४.८. मध्यबिंदूच्या क्षमध्ये त्रिज्या × कोनाची कोज्या (cos) मिळवा, यमध्ये त्रिज्या × कोनाची ज्या (sin).

गोम पुढेच आहे. कोन दरवेळी ५ अंशांनी वाढवला, तर आतली रेघ छान येते, पण त्रिज्या ३०० झाली की बिंदू २६ पिक्सेल लांब पडतात आणि कोपरे दिसू लागतात. म्हणून कोनाची वाढ ५ भागिले त्रिज्या (रेडियनमध्ये) ठेवा, म्हणजे बिंदू सगळीकडे साधारण ५ पिक्सेलवर पडतात. सुरुवात कोन १ रेडियनपासून, नाहीतर शून्याने भागाकार.

माऊसचं बटण एकदाच दाबा, शेवटी सोडा. प्रत्येक हालचालीनंतरचा थांबा मुळात ०.१ सेकंद असतो, दहा वेढ्यांना तीन मिनिटं जातात (तेवढ्यात चहा होतो म्हणा), तो ०.०१ करा. माऊस हाताबाहेर गेलाच, तर कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात ढकला, स्क्रिप्ट थांबते.